अकरावा तुकडा

आमची मंडळी वारली, त्याच्या दोन दिवस आधी आम्ही दोघांनी मिळून जे शेवटचं काम केलं ते असं, की तिनं माझी परीक्षा घेतली आणि मी नापास झालो.

नापास होण्याची मला सवय आहे. चौथीत झालो तेव्हा मास्तरांनी बापाला सांगितलं, ह्याला गुरांमागं घाला. बापानं जन्मात मास्तरांचं तेवढं एकच ऐकलं. त्यामुळं लिहिताना माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, तर वाचणाऱ्यानं गुरांकडं बघून सोडून द्यावं.

आमची वस्ती जुन्नरच्या पश्चिमेला, घाटाच्या कडेला. सात घरं, खाली भाताची खाचरं, वर नाचणीचा माळ. घरामागं एक फणस आहे, माझ्या आज्यानं लावलेला. त्या फणसाच्या खोडावर, दोन पुरुष उंचीवर, एक आळंबं फुटतं. पावसाळ्यात आपण कालवण करून खातो ते मऊ आळंबं नव्हे. हे लाकडासारखं टणक. भिंतीला फळी ठोकावी तसं खोडातून आडवं बाहेर येतं, वरून काळं, भेगाळलेलं, आणि दर वर्षी कडेला एक वळ वाढवत जातं. त्याला फणसांबा म्हणायचं. लहान मुलाचं तोंड आलं, हिरड्या सुजल्या, की त्याचा नखाएवढा कपचा सहाणेवर पाण्यात उगाळायचा आणि बोटानं तोंडात फिरवायचा. आमच्याकडचं हे जुनं औषध, आणि आसपासच्या वस्त्यांना ते द्यायचं काम आमच्या मंडळीकडं. पैसा नाही, नारळ नाही. पोरगं बरं झालं की आई त्याला आणून हिच्या मांडीवर ठेवायची, तेवढीच हिची फी.

आता ह्यात मेख अशी आहे, की असली लाकडी आळंबी आंब्यावरही येतात, जांभळावर येतात, हिरड्यावर येतात. झाडावर असताना कुणीही ओळखेल. फणसावर आहे तो फणसांबा, ह्यात काही अक्कल लागत नाही. पण खाली काढून वाळवला, चुलीवरच्या धुरात टांगला, की सगळी एका आईची लेकरं दिसायला लागतात. ही सगळी जमवून ठेवायची. फणसाचा तोंडाला, जांभळाचा गोठ्यात डासांच्या धुरीला, आणि बाकीचे कशाला ते मी कधी विचारलं नाही. शिडीवर चढून ते कापायचं काम माझं. ही खाली शिडी धरायची आणि ओरडायची, "अर्धाच काढा, सगळा काढू नका, झाडाला ऱ्हाऊ द्या." चाळीस वर्षं मी कापले आणि चाळीस वर्षांत एकही ओळखायला शिकलो नाही. ओळखायला घरात माणूस होतं.

तर त्या दुपारी जेवणं झाली. ही ओट्यावर आळंब्यांची गठुडी सोडून बसली. मी भिंतीला टेकून बसलो होतो, म्हणजे झोपलो होतो.

"अवो, हिकडं बघा जरा. माझ्यामागं तुमाला हे वळखाय पायजेत."

"तुझ्यामागं कशाला? मी तुझ्या आदी जाणार हाय."

"तुमी? तुमी आजपातूर कुठं येळंवर गेलाय?"

तिनं एक तुकडा माझ्या नाकासमोर धरला.

"ह्यो कशाचा?"

"फणसाचा."

"जांभळाचा. आन ह्यो?"

"फणसाचा."

"हिरड्याचा. ह्यो?"

मी विचार केला, दोनदा फणस सांगून चुकलं, तिसऱ्यांदा कशाला तोंड भाजून घ्या. म्हणालो, "आंब्याचा."

"ह्योच फणसाचा," ती म्हणाली आणि कपाळाला हात लावला. "तुमाला बायको तरी वळखू येती का?"

"आवाजावरनं येती."

ती हसली. मग समजावून सांगायला लागली. कुठला जड, कुठला हलका, खालची बाजू हाताला कशी लागते, पाठीमागं काय बघायचं. मी हां हां म्हणत होतो. लग्नाला पन्नास वर्षं झालेल्या माणसाला झोपेतही हां म्हणता येतं. जागा झालो तेव्हा गठुडी बांधून परत आढ्याला टांगलेली होती आणि ही तांदूळ निवडत होती.

दोन दिवसांनी सकाळी तिनं चुलीवर चहाचं आधण ठेवलं, मला म्हणाली, आज गारठा लई वाटतोय, आणि भिंतीला टेकून बसली. मी गोठ्यातून येईस्तोवर आधण आटून भांडं करपलं होतं. हिच्या हातून भांडं करपलेलं मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं. तेव्हाच मला कळलं. जवळ जाऊन बघायच्या आधी.

दहावा झाला, तेरावा झाला. पावणे आले तसे गेले. मागं राहिली आमची मंगल, एकुलती एक लेक. तिला पिंपरी पेंढारला दिली आहे. जावई बागायतदार, घरचा टेम्पो, घरात चकचकीत फरशी. मंगलनं आईच्या पातळांच्या घड्या घातल्या, डबे पुसले, आणि मग माझ्याकडं बघितलं. जसं डब्यांकडं बघितलं तसंच.

"तात्या, तुमची कापडं बांधा. परवा सकाळी हे टेम्पो घिऊन येत्यात. बेल्ह्याचा बाजार उरकला की मोकळेच हायेत."

"मी न्हाई येत."

"हितं एकटं काय करणार?"

"काय करणार म्हंजी? हितं लोक औशदाला येत्यात."

"औशद आई द्यायची."

"आता मी देईन."

मंगलनं कमरेवर हात ठेवले. अगदी आईसारखे. "तुमाला वळखू येतोय फणसांबा?"

"चाळीस वरीस झाडावनं कुणी काढला? तुज्या सासऱ्यानं?"

"बरं तर," ती म्हणाली. "परवापातूर कुणी औशदाला आलं तर द्या. बराबर दिलंत तर ऱ्हावा हितं, मी एक सबूद बोलणार न्हाई. चुकलात तर मुकाट टेम्पोत बसायचं."

"बसंन."

बोललो खरा. पण हे घर सोडून जायचं म्हणजे काय, ते मलाच ठाऊक. तिथं फरशीवर खुर्ची टाकून बसायचं, टीव्ही बघायचा, कुणी ताट आणून देईल ते खायचं. इथं निदान ह्या घरात कुठल्या फळीवर काय आहे ते मला आंधळेपणी सांगता येतं. आणि हिचं काम हिच्यामागं बंद पडलं, असं कुणी म्हणायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी मंगल कपडे धुवायला ओढ्यावर गेली. मी गठुडी काढली. आत दहा तुकडे. पण काय ती दशा. धुरानं काळेकुट्ट झालेले, आणि प्रत्येकाच्या पाठीला झाडाची साल तशीच चिकटलेली, रुपयाएवढी. मला वाईट वाटलं. बिचारीला शेवटी शेवटी होत नसणार, साल काढायची राहून गेली असणार. म्हणालो, चला, एवढं तरी आपण तिच्यासाठी करू. कोयता घेतला आणि एकेकाची साल नीट खरवडून काढली. मग सगळे तुकडे पाण्यात घालून काथ्यानं घासले. ती असताना तिच्या गठुडीला हात लावायची माझी टाप नव्हती. दहाही तुकडे पोत्यावर वाळत घातले तेव्हा ते असे स्वच्छ दिसत होते, की मला तिला हाक मारून दाखवावेसे वाटले. हाक अर्धी तोंडातून बाहेर पण आली.

मग हातपाय धुवायला न्हाणीत गेलो, तर तिथं कोनाड्यात अकरावा तुकडा. म्हणालो, बघा, ही विसराळू, औषधाचा तुकडा न्हाणीत ठेवून गेली. त्याची एक बाजू झिजून गुळगुळीत, सपाट झालेली होती. मला मोठा आनंद झाला. कारण माझ्या डोक्यात उजेड पडला. जो रोज उगाळला जातो तोच झिजतो. बाकीचे दहा कुठं झिजले होते? म्हणजे हाच फणसांबा. मला ओळखू आला. वजन नाही बघितलं, खालची बाजू नाही बघितली, नुसत्या विचारानं ओळखला. मास्तर जिवंत असते तर त्यांना टेम्पो करून बोलावलं असतं.

आणि नशीब बघा, तासाभरात पेशंट हजर. पलीकडच्या वस्तीवरची हौसाबाई, तिची सून कविता, आणि कविताच्या कडेवर तिचं आठ महिन्यांचं पोरगं. पोराचं तोंड आलेलं. लाळ गळत होती, अंगावर पीत नव्हतं, आणि रडून रडून त्याचा आवाज बसला होता.

"वयनी गेल्या आन ह्याचं त्वांड आलं," हौसाबाई म्हणाली. "आता कुणाकडं जावं?"

"माझ्याकडं," मी म्हणालो. "बसा."

मी अकरा तुकडे सुपात मांडून ओट्यावर मांडी घातली. खरं तर मला कुठला घ्यायचा ते आधीच ठाऊक होतं, पण लगेच उचलला तर औषधाला वजन राहत नाही. म्हणून एकेक उचलून उजेडाला धरला, नखानं वाजवला, वास घेतला.

"वयनी तर हातात घ्येताच सांगायच्या," हौसाबाई म्हणाली.

"त्यांना घाई आसायची," मी म्हणालो.

शेवटी मी अकरावा उचलला, सहाणेवर पाणी घातलं आणि उगाळायला लागलो. आता फणसांबा उगाळला की पाणी तांबूस होतं, काताच्या रंगाचं, एवढं मी बघून होतो. हे झालं राखाडी. मी म्हणालो, कोरडा हंगाम आहे, त्यामुळं असेल. आणखी जोरात उगाळला. तर थोडा फेस यायला लागला.

"बाबा, फेस येतोय," कविता म्हणाली.

"अस्सल हाय," मी म्हणालो.

तिनं पोराला माझ्यापुढं धरलं. पोरानं रडायचं थांबवून माझ्याकडं बघितलं. त्या नजरेनं माझा हात अडला. माझ्या नापास होण्याची गोष्ट वेगळी, त्याचं तोंड वेगळं. म्हणालो, "थांब पोरी. आदी मी माज्या त्वांडाला लावून बघतो. माज्याबी हिरड्या ठणकत्यातच." हे खोटं नव्हतं. मला चार दात उरलेत आणि ते चारही एकमेकांशी बोलत नाहीत.

मी बोटभर लेप घेतला आणि वरच्या हिरडीला फिरवला. मग खालच्या. मग म्हणालो कंजुषी नको, आणि गालाच्या आतून पण लावला.

"कसं लागतंय?" हौसाबाईनं विचारलं.

चव अशी होती की सांगता येईना. साबण होता, माती होती, आणखी काहीतरी खारट, ओळखीचं. मी म्हणालो, "गुणकारी हाय."

एवढ्यात मंगल ओढ्यावरून धुण्याची बादली घेऊन आली. ओट्यासमोर थांबली. माझ्या ओठाला राखाडी फेस, हातात तुकडा.

"तात्या, त्वांडात काय घातलंय?"

"फणसांबा."

"ह्यो? ह्यो कुठनं घितला?"

"न्हाणीच्या कोनाड्यातनं. तुजी आई हितं तिथं ठिऊन ..."

मंगलनं बादली खाली ठेवली.

"तात्या, त्यो आंब्याचा हाय. आई टाचा घासायची त्यानं."

मी तुकडा हळूच सुपात ठेवला.

"तरीच फेस," हौसाबाई म्हणाली.

कवितानं पोराला छातीशी धरलं आणि दोन पावलं मागं सरकली. मी उठून न्हाणीकडं चूळ भरायला निघालो. अर्ध्या वाटेत मागून आवाज आला. मंगल हसत होती. आई गेल्यापासून पहिल्यांदा. पदर तोंडाला लावून, वाकून, ओट्याला धरून हसत होती, आणि हौसाबाई तिला म्हणत होती, "आगं दुखाचं घर हाय, गप की," आणि स्वतःच खिंकाळत होती. मग मंगलचा आवाज बदलला. हसणं तसंच चालू होतं, पण आतलं पाणी दुसरं होतं. ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल.

मी तिथं न्हाणीच्या दगडाशी उभा राहिलो. पन्नास वर्षं दर सणाला ती माझ्या पाया पडली. मी तिच्या पायाला कधी हात लावला नव्हता. लावला तो एकदाच, त्या दिवशी, तिरडीला बांधताना. मंगलकडं जायचं ठरलं की ही न्हाणीत जाऊन तासभर बसायची आणि मी बाहेरून ओरडायचो, "एसटी जाईल, काय करतीस आत?" आतून उत्तर यायचं, "लेकीच्या घरात फरशी हाय. भेगाळल्या पायानं गेलं तर तिला नावं ठिवतील." मी कधी आत डोकावलो नाही. कशानं घासते ते बघितलं नाही.

चूळ भरायची राहूनच गेली.

परत आलो तेव्हा मंगल डोळे पुसून सूप पुढं ओढून बसली होती. "आना, मी बघते. पाठीची साल बघितली की झालं." तिनं पहिला तुकडा उलटा केला. दुसरा केला. दहाही केले. मग सावकाश माझ्याकडं बघितलं.

"तात्या, साल कुठाय?"

"खरवडली."

"सगळ्यांची?"

"धुतले बी."

"आई पाठीला रुपयाएवढी साल मुद्दाम ठिवायची. फणसाच्याला फणसाची, आंब्याच्याला आंब्याची. तीच तर खूण. मला बाळंतपणात धाडला व्हता तवा निरोप व्हता, साल काढू नगं, न्हाईतर तुज्या बापावानी व्हईल."

"मला न्हाई सांगितलं."

"सांगितलं आसंल," मंगल म्हणाली. "तुमी हां म्हणाला आसाल."

दहा तुकड्यांची नावं मी एका सकाळीत माझ्या हातानं पुसून टाकली होती, आणि वर त्यांना काथ्यानं घासलं होतं.

कविताला मी सरळ सांगितलं, "पोरी, मला वळखू येत न्हाई. पोराला दवाखान्यात ने, येळ घालवू नगं."

"हे आदीच सांगायचं की, दादा," हौसाबाई म्हणाली.

"आदी मला बी ठाव नव्हतं."

खालच्या रस्त्याला जीप होती, त्यात त्या दोघी बसून गेल्या. डॉक्टरांनी औषध दिलं आणि पोरगं अंगावर प्यायला लागलं, असं मागाहून कळलं. आणखी एक गोष्ट मागाहून कळली, ती म्हणजे हौसाबाई जीपमधे गप्प बसली नव्हती. आता घाटात कुणी भेटलं की "काय राव, हिरड्या कशा हायेत?" असं विचारतं आणि खाली माझ्या पायांकडं बघतं.

मंगलनं माझ्या दोन बंड्या, टोपी, चष्मा पिशवीत भरला. मी बघत राहिलो. शब्द दिला होता, हरलो होतो.

ऊन उतरायला लागलं तेव्हा मी गोठ्यामागं फणसाकडं गेलो. जायचं तर त्याला सांगून जावं म्हणून. बारके फणस लागले होते. वर बघितलं, तर खोडावर तो अर्धा फणसांबा, शिमग्याच्या आधी मी कापून घेतलेल्यातला मागं ठेवलेला. अर्धाच काढा, सगळा काढू नका. माझ्या कोयत्याचा घाव तिथं तसाच दिसत होता. मी डावरा आहे, माझा घाव तिरका बसतो.

मी घरात आलो, दहा तुकडे टॉवेलात बांधले, टॉवेल कमरेला बांधला आणि शिडी खोडाला लावली. चार पायऱ्या चढलो तोवर मंगल धावत आली.

"तात्या, खाली या. एक माणूस गेलंय, दुसरं न्यायचं हाय का मला?"

"बडबड करू नगं. शिडी धर."

तिनं धरली. वर गेल्यावर मी एकेक तुकडा काढून त्या घावाला लावून बघायला लागलो. साल मी खरवडली होती, पण कापलेली कड मला खरवडता आलेली नव्हती. पहिला बसला नाही. दुसरा, तिसरा, नाही. एकाचे वळ जाड, एकाचे उलटे गेलेले. फणसाचा चीक हाताला लागला, बंडीला लागला. सातवा लावला आणि तो बसला. झाडातले वळ तुकड्यात गेले, एकाला एक जुळून, मधे केस जाईल एवढी फट नाही. मी अंगठा खालून फिरवला. मऊ. टणक असून वरवर मऊ, लव असल्यासारखा.

आणि तेव्हा मला तिचा आवाज आठवला. त्या दुपारचा. "खालनं वासराच्या कानावानी लागतो, बघा हात लावून." म्हणजे मी सगळाच झोपलो नव्हतो.

"मंगे," मी वरून म्हणालो, "सापडला."

तिनं मान वर केली. मग म्हणाली, "बघू." मी तुकडा काढून घावाला परत लावून दाखवला.

"ऱ्हावा मग," ती म्हणाली. "जमलं तुमाला."

मी खाली बघितलं. तिनं दोन्ही हातांनी शिडी धरली होती आणि उजवा पाय खालच्या पायरीवर दाबून ठेवला होता. तिची आई असाच ठेवायची. उद्या ही टेम्पोत बसून गेली की ह्या शिडीला पाय कोण लावणार, हा विचार मी शिडीवर असताना करायला नको होता. ओळखता आला म्हणून काय झालं. तो वर आहे, आणि वर जायला दोघं लागतात. हे तिनं मला कधी शिकवलं नव्हतं, कारण ते ती स्वतःच होती.

"मंगे."

"काय?"

"येतो मी तुज्याकडं. चार दिस. पावसाच्या आदी परत आनून सोड."

"सोडते."

"आन फणसांबा काढायचा आसला की शिडी धराय येशील?"

"येईन की. आता खाली या, माजं हात भरलं."

खाली येण्याआधी मी फणसाची रुपयाएवढी साल काढली आणि सुतळीनं सातव्याच्या पाठीला बांधली. बाकीच्या नऊ जणांची नावं अजून कुणाला ठाऊक नाहीत. ते तसेच गठुडीत आहेत, स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. गुरं शेजाऱ्याकडं बांधून आलो. चहा केला, भांडं करपू दिलं नाही. टेम्पोला अजून वेळ होता. मग न्हाणीत गेलो, तिच्या दगडावर बसलो, पायावर गरम पाणी घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा टाचा घासायला लागलो. भेगा अशा, की नाचणी पेरली असती तर उगवली असती. पण लेकीच्या घरात फरशी आहे. अकराव्याची झिजलेली सपाट बाजू टाचेला बरोबर बसत होती. बसणारच, इतकी वर्षं टाचेनंच तिला घडवली होती. मी सावकाश घासत होतो. बाहेरून ओरडायला कुणी नव्हतं.

मंगल दाराशी आली. "तात्या, लई येळ झाला. काय करताय आत?"

"टाचा घासतोय."

"कशानं? बघून घितलाय न्हवं? फणसाचा न्हाई ना घितला?"

"न्हाई. आंब्याचाच हाय."

"कशावरनं सांगता?"

"चवीवरनं," मी म्हणालो.